न बसलेल्या मेंढ्यांचे पैसे

गेल्या वर्षीचा मार्च, दुसरा रविवार. रक्कम दहा हजार रुपये, पाचशेच्या वीस नोटा. हजर माणसं तीन: मी, माझा धाकटा भाऊ आणि आमच्या शेतात मेंढ्या बसवायला आलेली धनगर मावशी. नोटा विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर होत्या आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून भावाने त्यांच्यावर पक्कड ठेवली होती. पैसे ज्याचे होते तो माणूस तिथे नव्हता.

आमची ही जमीन सोलापूरपासून गाडीने तासाभरावर आहे. चार एकर, बरीचशी कोरडवाहू. एका बाजूला नाला आणि त्याच्या कडेला मुरमाचा उंच बांध. वडिलांनी ती आम्हा दोघांच्या नावावर केली, वाटणी अजून झालेली नाही. मी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघते, भावाचं सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ इलेक्ट्रिकचं दुकान आहे. शेत शेजारचे एक जण वाट्याने करतात. ज्वारी निघाली की दरवर्षी मावशींचा कळप येतो. दिवसा मावशींचे मालक मेंढ्या लांब चारायला नेतात, रात्री कळप आमच्या रानात बसतो. लेंडीचं खत जमिनीला मिळतं आणि त्याचे आम्ही रात्रीवर पैसे देतो. त्या वर्षी रात्रीला सहाशे आणि एकूण दहा रात्री ठरल्या होत्या. चार रात्री बसून झाल्या होत्या आणि त्यांचे पैसेही पोचले होते.

त्या चार दिवसांत मावशींची दोन कोकरं गेली. लहान कोकरं कळपाबरोबर चालू शकत नाहीत, म्हणून ती वाड्यावरच, म्हणजे मुक्कामाच्या जागी, डालगं नावाच्या मोठ्या टोपलीखाली झाकून ठेवतात. लांडग्याने डालगं उलथून एक नेलं, आणि दुसऱ्या दिवशी तसंच दुसरं. शनिवारी भाऊ मोटार बघायला गेला होता. मावशींच्या मालकांबरोबर तो माग काढत नाल्यापर्यंत गेला, आणि आमच्याच बांधाच्या पोटात त्यांना बीळ सापडलं. तोंडाशी तीन पिल्लं खेळत होती. भावाने लांबून फोनवर चित्रण केलं आणि संध्याकाळी ते आपल्या एका मित्राला दाखवलं.

हा मित्र टेंभुर्णीच्या रस्त्याला कृषी पर्यटन केंद्र उभारत होता. हुरडा, बैलगाडी, झोपाळे आणि एका कोपऱ्यात ससे, बदकं, इमू. त्याला तिथे लांडगे हवे होते. परवानगीचं पुढे बघू, पिल्लं लहान आहेत तोवर हाताळली तर माणसाळतील, असं त्याचं म्हणणं. त्याने लगेच दहा हजार दिले. पिल्लं काढून देईल त्याला ते द्यायचे. भावाला त्यातला रुपयाही नको होता. त्याला त्या सगळ्या केंद्राच्या वायरिंगचं काम हवं होतं, आणि ते काम लहान नव्हतं.

हे त्याने मला शनिवारी रात्री फोनवर सांगितलं, कारण तो माझ्यापासून काही लपवत नाही. मी म्हटलं, उद्या मी येईपर्यंत कुणी बिळाला हात लावायचा नाही.

रविवारी मी पोचले तेव्हा मावशी डालग्यांवर दगड रचत होत्या.

"या ताई. दगूड ठिवलं तरी त्यो उचलतोय बगा. माणसापरास हुशार."

भाऊ म्हणाला, "अक्का, आधी ऐकून घे. ही चोरी नाही, शिकार नाही. आपण नाही काढली तर उद्या कुणीतरी बिळात मिरचीचा धूर घालणार. त्यापेक्षा जगतील तरी. तिथं रोज मटण, वेळेवर डॉक्टर."

"पिंजरा केवढा?"

"तू पहिलं हेच विचारणार, मला माहीत होतं. तीस बाय चाळीस. लोक एवढ्यात बंगला बांधतात."

"बंगल्याचं दार आतून उघडतं."

"बंगल्याचं ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाल्या. "माजी दोन कोकरं कुणाच्या बंगल्यात गेली त्ये बोला आदी."

माझं मत त्या दिवशी तयार झालेलं नव्हतं, ते जुनं आहे. मुलगी पाच-सहा वर्षांची असताना आम्ही सुट्टीत दुसऱ्या एका शहरातलं प्राणीसंग्रहालय बघायला गेलो होतो. चांगलं होतं, स्वच्छ होतं. तिथे एक लांडगा होता. अंगावर मांस होतं, केस चकचकीत होते, कुठे जखम नव्हती. जाळीच्या आतल्या बाजूने तो चालत होता आणि कोपऱ्यात आला की वळत होता. जिथून तो जायचा तिथे गवत उगवलंच नव्हतं. शेणाने सारवल्यासारखी गुळगुळीत वाट पडली होती. बाजूच्या फलकावर लिहिलं होतं की हा प्राणी एका रात्रीत इतके किलोमीटर चालतो. तो आकडा आता मला नक्की आठवत नाही, आणि नक्की आठवत नसलेला आकडा मी लिहीत नाही. मुलीने मला तो वाचायला लावला आणि विचारलं, "मग हा आत्ता कुठे चाललाय?"

मी तिला काहीतरी सांगून पुढे नेलं. पण फलकावरचा आकडा आणि त्या जाळीची लांबी यांचा ताळा मी परतीच्या गाडीत मनात घालून बघितला आणि तो जमला नाही. ज्यांनी फलक लावला त्यांनाच त्या प्राण्याची गरज माहीत होती. माहीत असून त्यांनी जाळी तेवढीच ठेवली होती. मला खटकलं ते हे. तिथल्या माणसांनी त्याला दुष्टपणे वागवलं असं मी म्हणत नाही. जखमी झालेलं, बाहेर तग धरू न शकणारं जनावर कुणी सांभाळत असेल तर तो हिशेबच वेगळा, त्याला माझा विरोध नाही. पण आमच्या बांधातली पिल्लं धडधाकट होती, आणि त्यांचे आईबाप जिवंत होते.

हे मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "तू घरात मांजर ठेवलीस. तिचं ऑपरेशन करून आणलंस. तिला विचारलं होतंस?"

"नाही विचारलं."

"मग?"

"मग काही नाही. त्यात तू मला पकडलंस. पण ती आपणहून आली, आणि माझी खिडकी उघडी असते. रोज जाते, रोज येते. तुझ्या मित्राने जाळीला खिडकी ठेवावी, पिल्लं मी स्वतः काढून देते."

मावशी फिसकन हसल्या. भाऊ हसला नाही. तो म्हणाला, "आणि समजा धूर घालून मेली तर? तुझ्या तत्त्वाने मेली म्हणायचं?"

हा प्रश्न खरा होता. नुसतं नाही म्हणून मी सोलापूरला घरी जाणार, आणि इथे मावशींची कोकरं रोज जाणार. मग त्यांनी धूर घातला तर मी त्यांना कोणत्या तोंडाने बोलणार होते? वन्य प्राणी असा धरून नेणं गुन्हा आहे हे मला माहीत होतं, भावालाही माहीत होतं. कायद्याचा धाक घालून मी त्याला गप्प केलं असतं. पण धाकाने लांडगा वाचला तरी कोकराचे पैसे कुणी दिले नसते.

मी मावशींना विचारलं, "वनखात्याकडे भरपाई मागितली का?"

"मागाया काय दावू? मेलेलं जनावर दावावं लागतंय म्हणं. त्यानं हाड तरी ठिवलंय व्हय हितं? रिकामं डालगं दावू का?"

भावाने तोवर मित्राला फोन लावला होता. "अक्का नाही म्हणतीय," असं सांगून त्याने फोन माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस अदबीने बोलत होता.

"ताई, बीळ तुमच्या भावाच्या हिश्श्यात आहे असं मला कळलं."

"वाटणी झालेली नाही," मी म्हटलं. "त्यामुळे त्या रानातल्या प्रत्येक ढेकळात मी निम्मी आहे. कुदळ कुठेही मारलीत तरी माझ्यात मारावी लागेल. आणि उद्या सकाळी मी वनरक्षकाला बीळ दाखवणार आहे. तुमचे पैसे तुम्हाला परत मिळतील."

त्याने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. भाऊ विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. "झालं," तो म्हणाला. "वायरिंग गेली."

गेली असती तर ती माझ्यामुळेच गेली असती.

मग मी मावशींकडे वळले. एवढ्या कोकराला बाजारात काय मिळतं ते मी आदल्या रात्री तीन जणांना विचारून ठेवलं होतं. मावशींनी चार हजार सांगितले, मी अडीच म्हटलं, तीनवर जमलं. दोन कोकरांचे सहा हजार. पण नुसती कोकरं भरून देऊन भागणार नव्हतं, कारण तिसरं कोकरू उद्याच गेलं असतं. वाडा तिथून उठणं गरजेचं होतं.

"गावाकडच्या माळावर जा," मी म्हटलं.

"आन् तितं बसवायचं पैसं कोन देतंय? माळाला खत कशाला लागतंय?"

"मी देते. आपल्या सहा रात्री राहिल्यात. त्या तुम्ही माळावर काढा, पैसे माझ्याकडून घ्या. तीन हजार सहाशे. अट एकच. धूर नाही, कुदळ नाही, बांधाकडे कुणी जायचं नाही."

भाऊ कठड्यावरून म्हणाला, "न बसलेल्या मेंढ्यांचे पैसे देणारी आख्ख्या जिल्ह्यात तू एकटीच, अक्का."

मावशी बोटांवर काही मोजत होत्या. "सहा आन् तीन आन् सहाशे. चारशे कमी पडत्यात की. त्यो तर धा देत हुता."

"ते दहा पिल्लांचे होते. हे कोकरांचे आणि रात्रींचे आहेत. पिल्लांचा मी भाव करत नाही."

"लई चिवट हाय तुमची भन," त्या भावाला म्हणाल्या.

"मला सांगताय?" भाऊ म्हणाला.

पैसे मी फोनवरून पाठवणार होते. मावशी ते घेईनात. "फोनातलं पैसं मला दिसत न्हाईत. जावयाला दिसत्यात, आन् त्योच खर्च करतोय." माझ्या पाकिटात रोख फारशी नव्हती. तेव्हा मी तिथेच भावाच्या खात्यात साडेनऊ हजार पाठवले, ते पोचल्याचं त्याच्या फोनवर बघितलं, आणि मग पक्कड उचलून एकोणीस नोटा घेतल्या. वरचे शंभर माझे घातले आणि मावशींच्या हातात दिले.

"ह्या त्याच नोटा की!"

"नोटा त्याच. हिशेब दुसरा."

पेटीवर एक नोट उरली, ती भावाने खिशात घातली. संध्याकाळच्या आत त्याने मित्राला पुरे दहा हजार परत केले. मावशींचा वाडा उन्हं उतरायच्या सुमाराला उठला. घोड्यावर बिऱ्हाड, डालगी, त्यात कोकरं. जाता जाता त्या म्हणाल्या, "लांडग्यास्नी सांगा, तुमचं भाडं आमच्या ताईनं भरलं."

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढून वनरक्षकाला घेऊन गेले. त्यांनी दुर्बिणीतून बीळ बघितलं, मलाही बघू दिलं. मला पिल्लं दिसली नाहीत, मादी दिसली. बिळापासून थोडी लांब, ज्वारीच्या धसकटांत बसली होती, ढेकळाच्याच रंगाची. आम्ही आहोत हे तिला कळलेलं होतं. ती उठली, अंग झटकलं आणि नाल्याच्या पलीकडे सरळ चालत गेली. कुठेही न वळता चालत गेली, एवढंच मला लक्षात राहिलं. दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते. वनरक्षक म्हणाले, आता इथे पुन्हा येऊ नका, मीही लांबूनच लक्ष ठेवतो.

बुधवारी सकाळी मावशींचा फोन आला. "ताई, गेली बगा तुमची लेकरं."

मी घाईने विचारलं, "कुणी नेली?"

"कोन न्हेतंय? आयनंच न्हेली. नाल्यातनं वर ठसं गेल्यात, येक मोटं आन् बाकी बारकं. ह्यांनी बघितलं."

मी वनरक्षकांना फोन केला. ते जाऊन बघून आले आणि त्यांनी तेच सांगितलं. खणल्याची खूण नव्हती, माणसाच्या पायाची नव्हती. माणसांची वर्दळ वाढली की मादी पिल्लं दुसरीकडे हलवते, असं ते म्हणाले.

त्या रात्री मावशींनी कळप परत आमच्या रानात आणला. मी सांगितलं नव्हतं. फोन करून म्हणाल्या, "पैसं घेतलंय न्हवं? मग मेंढ्या बसल्या पायजेत. बुधवार, गुरुवार, शुक्रवार बसवती. पर माळावर काडल्या त्या तीन रातीचं पैसं मागू नगा, आदीच सांगती."

मी मागणार नव्हतेच.

पिल्लं पुढे जगली का, मला माहीत नाही. पिंजऱ्यात असती तर माहीत असतं. कधीही जाऊन तिकीट काढून बघता आलं असतं. भाऊ हे मला अजून ऐकवतो. पण त्यासाठी त्यांना जाळीत ठेवावं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. यंदा तशीच वेळ आली तर मी तसंच करीन.

वायरिंगचं काम गेलं नाही. पावसाळ्याआधी त्या मित्राने भावाला बोलावून घेतलं. जेवणघर, खोल्या, पंप, सगळं काम भावाने केलं. मी एकदा सहज विचारलं, "जनावरांच्या कोपऱ्याकडचे दिवे पण तूच लावलेस?"

"ते दुसऱ्याला दिलं."

"का?"

"दर जमला नाही," तो म्हणाला आणि विषय बदलला.

खताचा खर्च आम्ही नेहमी निम्मा-निम्मा करतो. वर्षअखेरीला मी त्याला आकडा पाठवला. त्याचं उत्तर आलं: बसलेल्या रात्रींचे निम्मे देतो, न बसलेल्या तुझ्या, कोकरंही तुझी. त्याचं बरोबर होतं. मी त्याला विचारून ठरवलं नव्हतं.

तेव्हा शेवटचा हिशेब असा. मावशींना नऊ हजार सहाशे, रोख, माझ्या हातून. त्यातल्या तीन बसलेल्या रात्रींचे निम्मे, म्हणजे नऊशे, भावाने मला दिले. पिल्लांबद्दल कुणी कुणाला काही दिलं नाही.