निळा आणि पिवळा मिळून

किस्से जमवायला आम्ही कधी बसलो नाही. वावरातून चालत आलं की कपड्यांना कुसळं चिकटतात, तसे ते चिकटत गेले. घरी येऊन एकेक काढायला बसलं की टोचतात.

आम्ही म्हणजे तिघं. मी, रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून कंटाळलेली. दुसरे गावंडे साहेब, कृषी खात्यातून रिटायर झालेले. आणि जीप चालवणारे मोबीनभाऊ. एका संस्थेनं आम्हाला काम दिलं होतं. फवारणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत जायचं आणि कीटकनाशकाच्या बाटलीवरचं लेबल कसं वाचायचं ते लोकांना सांगायचं.

विषय तसा सोपा. प्रत्येक बाटलीवर एक तिरका चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. त्याच्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. शाळेच्या वर्गात नाहीतर मंदिराच्या ओट्यावर माणसं जमली की गावंडे साहेब बाटली हातात धरून हे चार रंग समजावून सांगत. मला वाटायचं, यात न समजण्यासारखं काय आहे?

पहिलाच कार्यक्रम दारव्ह्याजवळच्या एका गावात होता. साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं की आजपासून याला कोणी औषध म्हणायचं नाही. औषध माणसाला बरं करतं, हे मारतं. याला विष म्हणायचं.

लोकांनी माना डोलावल्या. मागे एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या, घरचं मोठं वावर असलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी म्हणीन बापा विष. पन मंग फवाराले मजूर कोन येईन?"

साहेबांनी बाटली टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायले. तो कार्यक्रम संपेपर्यंत त्यांच्या स्वतःच्या तोंडातून दोन-चारदा "औषध" गेलं.

*

त्याच आठवड्यात दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी मी आणि साहेब एका कृषी केंद्राबाहेर चहा पीत उभे होतो. आमच्या कार्यक्रमाला बसलेला एक शेतकरी दिसला. मला पाहून त्यानं हात जोडले आणि दुकानात शिरला. काउंटरवर तो काय म्हणतो ते बाहेर ऐकू येत होतं. त्याला लाल रंगाची बाटली पाहिजे होती. दुकानदार म्हणाला की तसलं काही मी ठेवत नाही, पिवळी घेऊन जा.

"पिवळं नोको," तो म्हणाला. "लालच पाह्यजे. बाहेर त्या मॅडम आन साहेब हायेत ना, त्यायनंच सांगतलं का लाल सर्वात जहाल असते म्हून."

मी चहाचा ग्लास तसाच ठेवला. साहेब आत गेले आणि त्याला बाजूला घेऊन बराच वेळ समजावत राहिले. तो ऐकून घेत होता. मग त्यानं विचारलं की अळीनं तुमची चार रंगांची शिकवणी घेतली आहे का, ती हिरव्यानं मरते का. शेवटी तो पिवळी घेऊन गेला, तेही आमच्यावर मेहरबानी केल्यासारखी.

*

हिरव्याची गोष्ट आणखी वेगळी. देवरावभाऊ म्हणून एक सज्जन गृहस्थ होते, गळ्यात माळ, घरात कांदा-लसूणही नाही. त्यांच्या गावात आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ते कार्यक्रमाला नव्हते. चौकशी केली तर घरी पडून आहेत म्हणाले. आम्ही भेटायला गेलो.

खाटेवर बसवत नव्हतं त्यांना. आदल्या दिवशी सकाळपासून उघड्या अंगानं फवारणी केली होती. दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उलट्या झाल्या, डोळ्यांतून पाण्याची धार लागली, बैलबंडीत टाकून घरी आणलं. डॉक्टरांनी सलाइन लावलं तेव्हा कुठे थोडं बरं वाटलं. साहेबांनी जरा रागानंच विचारलं की अंगात शर्ट तरी का नव्हता, इतकं सांगून गेलो होतो.

देवरावभाऊंना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. त्यांनी बायकोला बाटली आणायला सांगितली. ती तिनं आमच्यासमोर धरली. चौकोनात हिरवा रंग होता.

"हिरवी घेतली होती ना मी पाहून," ते म्हणाले. "बिस्कुटाच्या पुड्यावर ठिपका रायते तसा. हिरवा म्हंजे शाकाहारी. लाल आमच्यात चालतच नाही."

परतताना घाट उतरल्यावर मोबीनभाऊ म्हणाले की बिस्किटवाल्यांनी आणि विषवाल्यांनी आपसात बसून रंग तरी वेगळे ठरवायचे होते.

*

हे रंग ठरवतात कसे, असं एकदा मारेगावकडच्या एका सरपंचानं विचारलं. ते माझं काम. मी सांगितलं की प्रयोगशाळेत उंदरांना ते रसायन देतात. किती दिल्यावर निम्मे उंदीर मरतात ते बघतात. थोड्यात मेले तर लाल, पुष्कळ लागलं तर हिरवा. तोंडातून दिल्यावर किती आणि कातडीला लागल्यावर किती, हे वेगवेगळं बघतात.

सरपंच गमत्या माणूस. "मॅडम, तो उंदीर पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत फिरते काय? दिवसभर, उपाशीपोटी?"

सगळा ओटा हसला. गावंडे साहेबही हसले. परत येताना मात्र खिडकीबाहेर बघत होते. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, सरपंचाची पऱ्हाटी, दोन्ही बाजूंनी मागे पळत होती. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "उंदीर मेला की त्याला कोणी विचारत नाही, मास्क काहून नव्हता लावला म्हणून."

*

मास्कवरून आठवलं. संस्थेनं आम्हाला वाटायला किट दिले होते. हातमोजे, मास्क, चष्मा, प्लॅस्टिकचा अंगरखा. फवारणी करणाऱ्यालाच द्यायचे, असं ठरलेलं. म्हणजे पुरुषांनाच, कारण पंप पाठीवर तेच घेतात.

एका गावात वाटप आटोपून आम्ही निघालो तर सुभद्राबाई नावाची मजूर बाई जीपच्या दाराशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, नवऱ्यासाठी मागायला आली असेल. तिला नवरा नव्हता. ती फवारणीच्या वावरात पाणी आणायचं काम करायची. ड्रमात पाणी ओतायचं, त्यात बाटली रिकामी करायची आणि ढवळायचं. मी विचारलं, कशानं ढवळता? तिनं कोपरापर्यंत हात पुढे केला.

तळव्यांची कातडी सोलून निघालेली, बोटं गुळगुळीत. राशन दुकानात अंगठा लागत नाही म्हणून तिला कितीदा परत पाठवलं होतं. दुकानदार ओळखीचा, वर्गात सोबत शिकलेला. तो म्हणायचा, मी ओळखतो गं तुला, पण मशीन ओळखत नाही.

किट संपले होते. साहेबांनी कार्यक्रमात दाखवायला ठेवलेले स्वतःचे हातमोजे काढून तिला दिले. तिनं ते घालून पाहिले. पुरुषी मापाचे, बोटं पुढे लोंबत होती. ती हसली आणि म्हणाली की आता तर मशीनवर हे मोजेच लावून पाहते.

त्यानंतर आम्ही पाणी आणणाऱ्या बायकांनाही किट मिळावे म्हणून संस्थेकडे मागणी केली. किट आले, पण हंगाम संपल्यावर.

*

आता दिलीपचं सांगते.

दिलीप मूळचा पेंटर. दारव्ह्यात निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यानं रंगवलेल्या. फ्लेक्स आल्यावर ते काम गेलं आणि तो घरच्या कपाशीकडे वळला. माणूस भारी बोलका. त्याच्या गावात कार्यक्रम होता तेव्हा पुढेच बसला होता, बायको मंदा बायकांच्या बाजूला. रंगाचा विषय म्हणून त्याला विशेष गोडी. साहेबांच्या हातातल्या बाटलीवरचा निळा नीट छापलेला नाही, असंही त्यानं दाखवून दिलं.

त्या दिवशी साहेब मिश्रणाबद्दल सांगत होते. लोक एकाच पंपात दोन-तीन विषं एकत्र करतात, वरून पिकाच्या वाढीचं टॉनिक टाकतात. साहेब म्हणाले की बाटलीवरचा रंग त्या एका बाटलीपुरता असतो. दोन एकत्र केली की काय तयार होतं ते कुठल्याच लेबलवर लिहिलेलं नसतं. लोक लक्ष देऊन ऐकत आहेत असं वाटलं म्हणून त्यांनी प्रश्न टाकला, "सांगा बरं, निळ्यात पिवळा मिसळला तर मग कोणता रंग समजायचा?"

"हिरवा," दिलीप म्हणाला. "पेंटरले इचारता काय साहेब!"

इतकं हसलं गाव. मंदानं तोंडाला पदर लावला. साहेबांनाही हसू आवरेना. ते पुन्हा पुन्हा सांगू लागले की तसं नसतं, उलट धोका वाढतो, पण ते हशात बुडालं. पुढे महिनाभर मी तो किस्सा सगळ्यांना सांगत होते. अजूनही कोणी सांगितला की हसतात.

*

पोळ्यानंतर कपाशी दाट झाली, वारा पडला आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी माणसं आजारी पडू लागली. आम्ही एका गावाहून परतत होतो तेव्हा मंदाचा फोन आला. माझा नंबर कार्यक्रमात सगळ्यांना दिलेला होता. दिलीपला यवतमाळला मोठ्या दवाखान्यात आणलं होतं. आम्ही जीप तिकडेच घेतली.

वॉर्डात दिलीप घामानं भिजलेला, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टर मंदाला विचारत होते की काय फवारलं. मंदा घाबरली होती, तरी तिला सगळं आठवत होतं. ती म्हणाली की एक निळीवाली होती, एक पिवळीवाली आणि एक टॉनिकची.

"रंग नको, नाव सांगा," डॉक्टर म्हणाले. "रंगावरून मला इलाज करता येत नाही."

मंदानं माझ्याकडे पाहिलं. सगळ्या हंगामात आम्ही रंगच तर शिकवले होते.

डॉक्टरांची चूक नव्हती. रंग सांगतो किती जहाल. कशा जातीचं विष आहे ते नाव सांगतं, आणि उतारा त्यावर ठरतो. ते लक्षणं बघून इंजेक्शनं देत राहिले आणि म्हणाले की बाटल्या मिळाल्या तर आणा. मोबीनभाऊ जीप काढून तडक दिलीपच्या वावरात गेले. परतले ते पाठीवर पोतं घेऊन. धुऱ्यावर, झुडपांत, विहिरीच्या काठाशी मिळाल्या तेवढ्या सगळ्या बाटल्या त्यांनी उचलून आणल्या होत्या. वॉर्डाबाहेर फरशीवर त्यांनी पोतं रिकामं केलं.

किती हंगामांच्या असतील कोण जाणे. बहुतेकांचे कागद पावसानं गळून गेलेले. मी आणि साहेब गुडघ्यावर बसून एकेक उचलून वास घेत होतो, कागद जुळवत होतो. साहेबांनी एक बाटली उजेडात धरली. तिच्यावर नाव राहिलं नव्हतं, चौकोनाचा अर्धा निळा तेवढा स्वच्छ दिसत होता. मंदा दारात उभी होती. तिनं विचारलं, "सापडली का जी?"

साहेबांनी ती बाजूला ठेवली आणि ढिगातली पुढची उचलली.

*

दिलीप वाचला नाही. पाऊस उघडलेला, लख्ख सकाळ होती. आम्ही तिघंही गावापर्यंत सोबत गेलो. त्या वर्षी आम्ही पुढचे कार्यक्रम रद्द केले नाहीत, कारण साहेबांनी करू दिले नाहीत. फक्त त्यांनी चार रंगांच्या आधी नाव वाचायला शिकवायला सुरुवात केली.

पण मला सांगायचं आहे ते आदल्या दुपारचं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की या इंजेक्शनांनी माणूस भ्रमात जातो, घाबरू नका. दिलीपचे हात पलंगाला पट्टीनं सैल बांधलेले होते. मंदा उशाशी डाव्या बाजूला स्टुलावर बसली होती, मी पायाशी उभी होते.

त्याचा डावा हात हलायला लागला. पट्टी पुरेल तेवढाच, खाली-वर, खाली-वर, एका लयीत. उजवी मूठ आवळलेली, ती सावकाश इकडून तिकडे फिरत होती. नर्सनं बघितलं आणि ती थांबली. कपाशीच्या मुलखातलीच होती, तिलाही कळलं. डाव्या हातात दांडा, उजव्यात फवाऱ्याची नळी, पंप मारून राहिला होता तो.

ओळ संपली असावी. हात थांबला. त्यानं मान वळवली आणि डोळे मोठे करून मंदाकडे पाहिलं.

"मंदे," तो म्हणाला, "तिकडं नोको उभी राहू. वारा तिकडं जाऊन राह्यला. इकून ये."

मंदानं नाकाला पदर लावला, स्टूल उचललं आणि पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.