पाच-वीसची बस

मी संगीत लिहितो असं सांगितलं की आमच्या चौक गावातली माणसं आधी विचारतात, "कुठल्या पिक्चरचं?" कुठल्याच नाही म्हटलं की, "मग गाता का?" गात नाही. "वाजवता?" थोडंफार, शिकवण्यापुरतं. एवढ्यावर बोलणं संपतं. जुन्या हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने मात्र एकदा चिकाटीने विचारलं होतं, "मग सर, तुमी नक्की करता काय?" मी म्हणालो, मी कागदावर लिहितो आणि दुसरे वाजवतात. "वाजवतात का पण?" त्याने अगदी सरळ मनाने विचारलं होतं.

वडील खालापूरला पंचायत समितीत कारकून होते. आम्ही दोघं भावंडं. ताईचं लग्न लवकर झालं आणि ती पोशीरला भातशेतीच्या घरात गेली. मला वडिलांनी शिकायला मुंबईला वसतिगृहात ठेवलं. समोरच्या इमारतीत एक वयस्क बाई पियानो शिकवायच्या. मी जिन्यात उभा राहून ऐकतो हे कळल्यावर त्यांनी मला आत घेतलं आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली. तिथून पुढे सगळं बदललं. शिष्यवृत्ती मिळाली, परदेशात सहा वर्षं गेली, रचनाशास्त्राची पदवी झाली. तिथे माझ्या काही रचना वाजल्या. प्रत्येक एकदाच. चाळीस-पन्नास माणसं टाळ्या वाजवायची, कोणी हात मिळवायचं, आणि कागद फाइलमध्ये जायचे.

मी तिकडे असतानाच आई गेली. नंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीलाही मी पोचू शकलो नाही. पुढे वडील एकटे पडले म्हणून परत आलो, तर दोन वर्षांत तेही गेले. तोवर खालापूरकडच्या एका खासगी विद्यापीठात मला नोकरी लागली होती. संगीतरचनेचा नवा अभ्यासक्रम होता. पहिल्या वर्षी पाच विद्यार्थी, मग तीन, मग एकच मुलगी, कर्जतची. तिच्या एकटीसाठी मी फळ्यावर स्वरलिपीच्या पाच-पाच रेषा आखायचो. ती हुशार होती. वर्ष संपताना म्हणाली, "सर, मला जाहिरातींच्या स्टुडिओत काम मिळालंय. तुम्ही रागावणार नाही ना?" मी रागावलो नाही. पण दुसऱ्या दिवशी तासाची वेळ झाल्यावर सवयीने वर्गात जाऊन बसलो, आणि पाऊण तास तिथेच बसून राहिलो.

चौकच्या घरी मी एकटाच. सकाळी कॉलेजला जाण्याआधी दोन तास लिहायचो. त्या सकाळींमधून तीन वर्षांत एक क्वार्टेट तयार झालं, दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो यांच्यासाठी. सत्तावीस मिनिटांचं. शेवटच्या भागात एका जागी चौघांनीही वाजवणं थांबवायचं आणि अकरा सेकंद गप्प राहायचं, असं मी लिहिलं होतं. ते अकरा सेकंद मी कितीदा खोडले आणि कितीदा परत लिहिले.

मुंबई-पुण्यातले चार वादक आले. विभागप्रमुखांनी सभागृह दिलं आणि उत्साहाने विद्यार्थ्यांना हजेरीही सक्तीची केली. मी ताईला फोन केला. तिने माझं काहीच कधी ऐकलं नव्हतं. "येते," म्हणाली. "काय आणू?"

कार्यक्रम चारला होता. स्वागत, पुष्पगुच्छ, तीन भाषणं, असं करत वादन सुरू झालं पाच वाजायला पाच मिनिटं असताना. शांतता नीट ऐकू यावी म्हणून मी एसी बंद करायला लावला होता. एप्रिल महिना. मुलं वह्यांनी वारा घेत होती. मी बाजूच्या भिंतीशी उभा होतो. ताई तिसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन.

वादकांनी खरंच जीव लावून वाजवलं. आणि मग ती शांतता आली. चौघांनी तारांवरून गज उचलून धरले. मी मनात मोजत होतो. चार, पाच. मागच्या रांगेतून एक टाळी पडली, तिच्यामागे सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माईक घेतला आणि म्हणाली, "खूप खूप धन्यवाद! कर्जत आणि पनवेलच्या बस पाच-वीसला सुटतील, सर्वांनी लवकर खाली जावं." खुर्च्या सरकल्या. दोन मिनिटांत सभागृह रिकामं झालं. विभागप्रमुख जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून "सुंदर, सुंदर" म्हणाले. त्यांनाही बस गाठायची होती.

चेलो वाजवणारी बाई माझ्याकडे बघत होती. मी हातानेच सांगितलं, पुढे वाजवा. ते वाजवू लागले. साउंडवाला वायर गुंडाळायला लागला, तेव्हा ताईचा आवाज आला, "अरे थांब की जरा. अजून वाजवतायत ती." तो वायर हातात धरून तसाच उभा राहिला. उरलेली सात मिनिटं त्या दोघांनी ऐकली.

वादक निघून गेल्यावर मी ताईला गाडीने पोशीरला सोडायला निघालो. कर्जत मागे पडल्यावर ती म्हणाली, "खरं सांगू? कंटाळा आला रं मला."

मला हसू आलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कोणी मला इतकं खरं बोललं नव्हतं. "मग थांबलीस कशाला?"

"तू उभा होतास ना." ती पिशवी सावरत म्हणाली, "पण त्यांना मधीच गप का बसवलंस तू?"

मी म्हणालो, तिथे तसंच हवं होतं.

"आई गेली तवा मी तुला फोन केला होता, आठवतंय? तू काय बोलतच नव्हतास. मी आपली हॅलो हॅलो करतेय. मला वाटलं लाइन कट झाली. आज तसंच वाटलं मला. वाटलं, ह्याला काय झालं का काय."

मी गाडी बाजूला घेतली. लिहिताना त्या फोनचा विचार मी केला नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. तसं सांगणारही होतो. पण फोन कानाला धरून मी त्या परदेशी खोलीत उभा असल्याचं एकदम आठवलं. हीटरचा आवाज, आणि लांबून येणारं "हॅलो, हॅलो रं". ताईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. "पी," म्हणाली. "आणि चल आता, गुरं बांधायचीत."

जूनमध्ये तो अभ्यासक्रम बंद झाला. माझी नोकरी राहिली. आता इंजिनीअरिंगच्या मुलांना आठवड्यातून चार तास संगीताचं रसग्रहण शिकवतो. मुलं चांगली आहेत, मागच्या बाकांवर झोपतात, पण त्रास देत नाहीत. विभागप्रमुख भेटले की क्वार्टेटची आठवण काढतात. ते संपलं नव्हतं हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते परत कुठे वाजलंही नाही.

काही रविवारी पोशीरला जातो. जेवतो, पडवीत बसतो. संगीताबद्दल आम्ही बोलत नाही. एकदाच तिने विचारलं, "लिहितोस का रं अजून?" हो म्हटलं. "बरंय," म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. चौकला परत येऊन कुलूप काढलं की घर तसंच असतं, सकाळी टेबलावर ठेवलेला कप टेबलावर.

सध्या एकट्या चेलोसाठी लिहितोय. चौघांच्या तारखा जुळवत बसायला नको. अर्धं झाल्यावर त्या चेलोवाल्या बाईंना पाठवून दिलं. तीन आठवडे उत्तर आलं नाही. परवा आलं. दिवाळीनंतर वेळ आहे, असं त्यांनी लिहिलंय, आणि तिसऱ्या पानावरचा एक स्वर खरंच तसा हवाय की लिहिताना हात चुकलाय, असं विचारलंय. मी ते पान काढून पाहिलं. हात चुकला होता.