फटफटीचं नवं हँडल आणि उरलेला चाप

सांगणार नव्हतो. माझी फजिती गावानं सांगावी, मी का सांगू? पण चहा समोर आलाय, तुम्ही हट्ट धरलाय, आणि घरच्या बाईनं आतून अर्धी गोष्ट सांगून टाकण्याआधी मीच पुरी सांगितलेली बरी. हसायचं असेल तर तोंडावर हसा.

मी शिकलो चौथीपर्यंत. पुढचं लोखंडानं शिकवलं. पिंपरीला तेव्हा पहिलेच कारखाने उभे राहत होते, बाकी सगळी शेतं. मी तिथं फिटर. पायपांना आटे पाडायचे, जोड आवळायचे. मी आवळलेला जोड कधी गळला नाही. ही फुशारकी नाही. सगळा घोटाळा तिथूनच झाला, म्हणून सांगतो.

माझ्याकडं फटफटी होती. लढाईतली, लष्कराच्या लिलावातली. तिचं हँडल अरुंद आणि खाली वाकलेलं. त्यावर बसलं की माणूस मान खाली घालून काज करणाऱ्या शिंप्यासारखा दिसायचा. मान खाली घालणं माझ्या स्वभावात नाही.

एकदा पुण्याच्या जुन्या बाजारात एक हँडल दिसलं. काय त्याचा रुबाब! लांब, रुंद, वर उचललेलं. खिलारी बैलाची शिंगंच. मी ते दोन्ही हातांत धरलं, आणि तिथंच, भंगाराच्या ढिगात उभ्या उभ्या, मला दिसायला लागलं. धुक्यातला रस्ता. दोन्ही हात पसरलेले. खाली चाकं आहेत की नाहीत ते कळत नाही, आणि मी तरंगत चाललोय.

स्वप्नं बघायची मला सवय नाही. दिसलं म्हणून दिसलं.

त्याच सुमारास मामानं माझ्यासाठी मुलगी पाहिली होती. चाकणच्या अलीकडचं गाव. नाव सांगत नाही, तिथले लोक अजून हसतात. मुलीचे वडील रामभाऊ, कांद्याचे बागायतदार, शब्द तोलून बोलणारे. त्यांनी मामाला एकच विचारलं होतं.

"पोरगं स्थिर हाय ना? चंचल म्हणून आधीचं स्थळ म्या माघारी लावलंय."

मामा म्हणाला, "स्थिर? आवो, आगगाडी रूळ सोडंल, पर आमचा भाचा वाट सोडायचा न्हाई!"

हे वाक्य ध्यानात ठेवा.

तर ठरलं, मुलगी बघायला नव्या हँडलवर जायचं. मामा म्हणाला, "मिस्त्रीकडनं बसवून घे." मी म्हणालो, "मीच मिस्त्री." विषय संपला.

अंगणात बसून जुनं काढलं, नवं चढवलं. हँडल लांब, तारा होत्या तेवढ्याच. वेगाची तार ओढून ओढून पोचवली. क्लचचीही पोचवली. पुढच्या ब्रेकची काही केल्या पोचेना, तिला सोडून दिली. मागचा ब्रेक होता की! बाकीच्या दोन अशा ताणल्या की बोटानं छेडलं तर एकतारीसारख्या वाजत. कुठं सैल म्हणून राहिलं नाही. फिटरला आणखी काय पाहिजे?

शेवटी एक चाप उरला. बोटाएवढा. मी विचार केला, सगळं बसून हा उरला, म्हणजे जास्तीचाच असणार. कोनाड्यात ठेवला.

तो इंजिन बंद करायचा चाप होता.

फाल्गुन लागला होता, तरी सकाळी धुकं होतं. मामा आदल्या दिवशीच तिकडं गेलेला. मी धोतर सोडून विजार घातली, डोक्याला फेटा बांधला, आणि निघालो.

मोशी मागं पडली. इंद्रायणीवर धुकं दुधासारखं पसरलेलं. पुलावरून जाताना खाली नदी दिसेना, वर आभाळ दिसेना. कांद्याच्या वाफ्यांचा ओला वास. हात पसरलेले, छाती पुढं. बाजारात दिसलं होतं तसंच्या तसं! मी मनात त्या मुलीला मागं बसवलंसुद्धा. चेहरा माहीत नव्हता, म्हणून नुसता पदर बसवला. हिरवा.

एक गंमत होती. रस्ता डावीकडं वळला की फटफटी उसळी घ्यायची. उजवीकडं वळला की दमल्यासारखी मोकळी पडायची. मला वाटलं, नव्या हँडलनं जीव आलाय बिचारीत, खेळतेय.

खेळत कसली! हँडल डावीकडं वळलं की वेगाची ताणलेली तार आणखी ओढली जायची आणि फटफटी पळायची. उजवीकडं वळलं की क्लचची ओढली जायची. सैल सोडली नव्हती ना एकही!

गाव आलं. मधोमध मारुतीचं देऊळ, भोवती गोल वाट, वाटेच्या कडेनं सलग घरं. त्यात पलीकडच्या अंगाला रामभाऊंचं. शनिवार होता, म्हणजे मारुतीचा वार. सगळं गाव तेल घालायला जमलेलं. पारावर मामा, शेजारी रामभाऊ. देवळाच्या डाव्या बाजूला बायका पाणी भरत होत्या, म्हणून मी मर्यादेनं उजवीकडून घेतली आणि देवळाला वळसा घालायला हँडल डावीकडं वळवलं.

फटफटी जी सुटली!

रामभाऊंचं घर आलं, गेलं. दारात हिरवा पदर दिसला. खराच हिरवा! मूठ उलटी पिळली, वेग कमी होईना. क्लच दाबला, तो ढिला. मागच्या ब्रेकवर उभा राहिलो, तो नुसता ओरडला. हँडल सरळ करावं तर समोर कुणाची तरी भिंत. म्हणून डावीकडंच. पुन्हा देऊळ, पुन्हा पार.

"आला आमचा भाचा!" मामा कौतुकानं म्हणाला.

पुढच्या फेरीला रामभाऊ म्हणाले, "थांबला का न्हाई?"

"देवाला फेरी घालतोय. लई श्रद्धा हाय त्याची."

त्याच्या पुढच्या फेरीला गुरव उठून उभा राहिला. हातातली तेलाची पळी तशीच. "आरं, श्रद्धा कसली? उलटी घालतोय! देव डाव्या हाताला ठिवलाय त्यानं! मारुतीला उलट्या प्रदक्षिणा!"

गावात एकच कालवा. "करणी करतोय!" "मुलगी बघाया आलाय का गाव बुडवाया?" "आरं थांबवा त्याला!" "तू थांबीव की!"

मी ओरडलो, "थांबत नाही!"

"बघा!" गुरव म्हणाला. "वर तोंड करून सांगतोय, थांबत न्हाई!"

मामानं तोंड फेट्यात लपवलं. रामभाऊ उठून घराकडं वळले. मला कळलं, संपलं. हे लग्न मोडलं.

पण खरं सांगू? मुलगी बघायला गेलं की ती एकदाच दिसते, तीही पोह्यांच्या ताटावर वाकलेली. मला ती फेरीगणिक दिसत होती. आधी पदर. मग बांगड्यांचा हात. मग हनुवटी. मग डोळे, सरळ माझ्याकडं बघणारे. भिंती, माणसं, आरडाओरडा, सगळं फिरता फिरता विरघळून गेलं, आणि ती तेवढी एका जागी. शेंदूर वितळल्यासारखं ऊन पडलं होतं. वाटलं, पेट्रोल संपूच नये.

एवढ्यात ती दारातून गेली. पुढच्या फेरीला बघतो तर बाजूच्या गोठ्याचं फाटक सताड उघडं, ती फाटक धरून उभी, आणि ओरडतेय, "सरळ! आवो, सरळ घ्या!"

उधळलेला बैल कसा घ्यायचा, ते तिला ठाऊक होतं. मी हँडल सरळ केलं. फटफटी आत शिरली, कडब्याच्या गंजीत घुसली, गुरगुरली आणि गप झाली. माझा फेटा म्हशीच्या शिंगावर.

बाहेर आलो तर अख्खं गाव समोर. गुरव म्हणाला, "जेवढ्या उलट्या, तेवढ्या सुलट्या घालाव्या लागतील. फटफटीसकट." किती झाल्या, यावर वाद. कुणी पाच म्हणे, कुणी पंधरा. गुरवाचा आकडा सगळ्यात मोठा, तोच धरला. ते लोखंडाचं धूड हातानं ढकलत मी फिरलो, देव उजव्या हाताला ठेवून. हँडल उजवीकडं, त्यामुळं क्लच आपसूक ओढलेला, चाकं मोकळी. माझी कारागिरी तेवढ्यापुरती कामाला आली. पोरं मागून मारुतीचा जयजयकार करत होती. मान? खाली. नव्या हँडलवरसुद्धा.

घरासमोर रामभाऊ मामाला सांगत होते, "पाव्हणं, स्थिर म्हणाला व्हता तुमी."

मामा फेटा नीट करायला लागला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "बाबा, त्यांनी हँडल सोडलं न्हाई."

"सोडलं असतं तर पडला असता की, इंदू."

"तेच म्हणतेय मी. दुसरा असता तर उडी टाकून पळाला असता."

रामभाऊंनी फटफटी ढकलणाऱ्या माझ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "पोहं आणा."

लग्न वैशाखात झालं. होमाभोवती फिरायला मी पाऊल उचललं, तर मागून हळूच आवाज आला, "देव उजवीकडं हं." तेव्हापासून कुठल्याही देवळात गेलो की ही माझं कोपर धरते आणि वळवते. घरात माझ्यापुढं कुणी बोलत नाही. पण देवळात मी हँडल होतो.

हँडल केव्हाच गेलं, फटफटीही गेली. तो उरलेला चाप मात्र हिनं कोनाड्यातून उचलून आपल्या डब्यात ठेवलाय. माझा आवाज चढला, किंवा मी फार बोलायला लागलो, की काही न बोलता तो माझ्यासमोर आणून ठेवते. आणि मी बंद पडतो. ज्या कामाचा होता त्याच कामाला लागला तो, नुसता उशिरा.

तर अशी ती गोष्ट. आता दुसरी सांगतो, एकदा देहूच्या यात्रेत मी...

थांबा. चहाची दुसरी फेरी घेऊन इंदूबाई आल्या. ताटात कपांच्या मधोमध काय ठेवलंय, बघा.

बरं. घ्या चहा.