मधोमध उभी राहणारी बाई

अख्ख्या जुन्नर तालुक्यात गाणं ऐकायची योग्य जागा एकच, आणि ती आपल्या पिंपळवंडीच्या घरात आहे, असं आमच्या थोरल्या साडूंचं ठाम मत होतं. ही जागा म्हणजे एक लाकडी खुर्ची. तिच्या चारही पायांभोवती त्यांनी फरशीवर तैलरंगाने खुणा केल्या होत्या. त्या घरात माणसं एरवी नुसती टेकत. बसत ती या खुर्चीत, आणि तीही साडूंनी सांगितल्यावर.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी कांद्याला बरा भाव मिळाला, तेव्हा गावातल्या लोकांनी मोटारसायकली घेतल्या. साडूंनी पुण्याहून कमरेएवढे उंच दोन स्पीकर आणले. टेम्पोत खाली गवत अंथरून, गाभण गाईसारखे जपून. नुसता मोठा आवाज हवा असणाऱ्यांची त्यांना कीव येई. "मोठा आवाज काय, वरातीतबी असतो," ते म्हणत. "दोन डब्यांतनं आवाज येतोय असं वाटलं तर समजायचं, फसलो. गाणारी बाई मधोमध, भिताडापाशी हुबी ऱ्हायली पायजे." आवाजातून भासणाऱ्या या बाईला उभं राहायला जागा हवी म्हणून अक्कांचं, म्हणजे माझ्या मेव्हणीचं, कपाट पडवीत गेलं. स्टीलची मांडणी खर्जाच्या सुरांना थरथरते म्हणून भांड्यांसकट मागच्या खोलीत गेली. खोली घुमते असं लक्षात आल्यावर साडूंनी ओळखीच्या एका मेंढपाळाकडून घोंगड्या आणून भिंतींवर ठोकल्या. पावसाळ्यात तिथे सतार लागली की मेंढरांचा वास यायचा. अक्का एकदाच म्हणाल्या, "त्यापरीस सवत आणली असती, तर भाकऱ्या तरी थापल्या असत्या तिनं."

स्पीकर नेमके कुठे ठेवायचे, याचा शोध वर्षानुवर्षं चालला. साडू डबा बोटभर सरकवत आणि खुर्चीत बसलेली त्यांची लेक डोळे मिटून निकाल देई. "आण्णा, बाई डावीकडं सरकली." पुन्हा बोटभर. "आता आली मधी." अक्कांना बसवून पाहिलं, पण त्यांना त्या खुर्चीत लगेच झोप लागायची.

पुढे या लेकीला बघायला मंचरहून पाहुणे आले. पोह्यांच्या आधीच साडूंनी मुलाच्या वडिलांना खुर्चीत बसवलं, सगळ्यांना गप्प केलं आणि गाणं लावलं. ते संपल्यावर मोठ्या आशेनं विचारलं, "बाई कुठं हाय?"

"आत असंल की," पाहुणे म्हणाले. "बोलवा आता भाईर."

मुलगाच शेवटी ओशाळून म्हणाला, "दादांना उजव्या कानानं ऐकू येत न्हाई."

दोन स्पीकरच्या मधोमध बाई उभी राहायला दोन कान लागतात, हे आम्हा घरच्यांना पाठ होतं. अक्कांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, जुळत आलेलं मोडतंय आता. साडू उठले. दोन्ही स्पीकर त्यांनी स्वतः ओढत नेऊन पाहुण्यांच्या डाव्या अंगाला शेजारी शेजारी उभे केले, आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

"लई ग्वाड," पाहुणे म्हणाले. लग्न ठरलं.

लेक मंचरला गेल्यावर साडूंची पंचाईत झाली. डबा सरकवायचा, धावत खुर्चीत यायचं, ऐकायचं, परत धावायचं. एकदा मी गेलो तर मला बसवलं. "छान आहे," मी म्हणालो.

"छान हाय का न्हाई इचारलं, पावणं. बाई कुठं हाय?"

मला बाई कुठेच सापडेना. साडूंनी सुस्कारा सोडून मला उठवलं. फोनला त्यांनी लांब वायर लावून घेतली होती. मंचरचा नंबर फिरवून त्यांनी रिसीव्हर खुर्चीवर अलगद ठेवला आणि गाणं लावलं. संपल्यावर तो कानाला लावून "बरं... बरं..." करत राहिले.

"काय म्हणाली?"

"डावा जरा फुडं घ्या म्हन्ली."

फोनमधून, एकाच कानानं, त्यातलं काय कळतं, असं मी विचारलं नाही. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी डावा स्पीकर बोटभर पुढे घेतला, गाणं पुन्हा लावलं, ते संपेपर्यंत दाराशी उभे राहिले. मग रिसीव्हर उचलून हळूच विचारलं, "आता?"