बंबाचं पाणी आणि तीन सिलिंडर

भाड्याचा ट्रॅक्टर माझ्या शेतात दरवर्षी शेवटी यायचा. सगळ्या गावाची चिखलणी उरकायची, भाताची रोपं माझ्याकडे बघून पिवळी पडायची, मग तो भाडेवाला उगवायचा आणि वर म्हणायचा, "वयनी, तुमचं शेत कोपऱ्याला ना!" शेत कोपऱ्याला असणं हा जणू माझा गुन्हा. यंदा मे महिन्यात मी ठरवलं, जुना का होईना, ट्रॅक्टर आपला घ्यायचा.

तुडीलला एक विकायला असल्याचं कळलं. पोलादपूरला नवऱ्याचं गॅरेज आहे, माझेही हात तिथेच काळे होतात, पण तो कंबर धरून पडला होता. इंजिनाचा दाब मोजायचं गेज आणि पाने मी पोह्यांच्या डब्यात भरले आणि सकाळीच निघाले.

मालक अंगणात वाटच बघत होता. "या ताई! अर्धा सेल मारला का चालू होतो. दाखवू?"

मी बॉनेटवर हात ठेवला. चांगलं कोमट.

"आत्ता चालवला होता का?"

"छे! उनात तापला असंल."

ट्रॅक्टर पत्र्याच्या पडवीत होता आणि आभाळ भरलेलं होतं. तापलेलं इंजिन म्हणजे पावडर लावून बसलेली नवरी. बघायचं तर थंड झाल्यावर. मी ओट्यावर बसकण मारली.

"आधी चहा घेऊ, दादा. मला घाई नाही."

त्याला होती. मी चहा घेतला, परत घेतला, फणसाचे गरे खाल्ले, घावणे आले तेही सोडले नाहीत. तो दर थोड्या वेळाने उठायचा, "बघून तर घ्या ताई," आणि मी त्याच्या बायकोला म्हणायचे, "वहिनी, चटणी कशाची हो?"

वहिनी खुशीत होती. तिनेच माझ्या ताटात घावणा टाकताना बिंग फोडलं.

"खावा सावकाश. ह्यांचं काय ऐकता? सकाळी माझ्या आंगोळीचा बंब सगळा त्या रेडेटरमधी वतला. रोजचंच हाय. ट्रॅक्टर गरम पान्यानं न्हातो नि मी थंड पान्यानं."

"तुला इचारलं का कुनी?" मालक म्हणाला.

"विचारायलाच हवं होतं," मी म्हटलं आणि हात धुतले.

इंजिन आता थंड होतं. त्याने सेल मारला. नुसती घरघर आणि काळा धूर. मग मी डिझेलचा एकेक नोझल काढून त्या जागी गेज बसवलं आणि त्याला सेल मारायला लावला. पहिल्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, कमी, दुसऱ्याचं तेवढंच कमी, तिसऱ्याचंही तेवढंच. त्याचा चेहरा पडला. मी मात्र कान टवकारले. तीन भाऊ एकाच दिवशी म्हातारे होत नाहीत. तिघांनाही एकदम दम लागतोय, तर हवाच मिळत नसणार. पुढच्या सेलला मी हवेच्या नळीच्या तोंडाशी तळवा धरला. ओढ जेमतेम. वाकून पाहिलं तर आत कुंभारमाशीने मातीची चाळ बांधली होती, खोल्यांवर खोल्या.

मी तोंड मिटून घेतलं.

"काटा तुम्हीच बघा, दादा. इंजिन उघडावं लागलं, तर खर्च माझा."

तो किमतीत पुष्कळ खाली आला. इसार दिला, वहिनीने दोघांच्या हातावर गूळ ठेवला. मग मी नोझल जागच्या जागी बसवले आणि म्हटलं, "वहिनी, खराट्याची एक हीर द्या बघू."

माती ढिगाने पडली. पुन्हा गेज लावलं नाही, सरळ सेल मारला. थंडगार इंजिन पहिल्या झटक्याला असं सुरू झालं की पडवीतल्या कोंबड्या अंगणात.

मालक एकदा मातीकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. "तुमाला ठावं व्हतं! मी नाय विकत!"

"तुम्हाला बंबाचं ठाऊक होतं, मला माशीचं. फिट्टंफाट."

"इसार परत घ्या तुमचा!"

"कशाला परत?" वहिनी कमरेला पदर खोचून मध्ये आली. "गूळ खाल्लात ना? दिला म्हंजे दिला. ट्रॅक्टर ठेवून घेतलात, तर तुमी पन रोज थंड पान्यानं न्हायचं."

एवढी थंडगार धमकी मी आजवर ऐकलेली नाही. मी उरलेले पैसे मोजले, त्याने चावी माझ्या हातात ठेवली. मी ट्रॅक्टर काढला तेव्हा वहिनी बंब भरत होती.

यंदा गावात पहिली चिखलणी माझी झाली. त्याच आठवड्यात भाडेवाला दारात. त्याचा ट्रॅक्टर सकाळचा चालू होत नव्हता, आणि माझ्या नवऱ्याची कंबर अजून धड नव्हती.

"वयनी, जरा कॉम्प्रेशन बघता का?"

"बघते की," मी म्हटलं. "पण नंबराने हं. तुमचं घर कोपऱ्याला ना!"