तंबूला चौकट कुठली?

साखऱ्याच्या बसमध्ये चढताना एका म्हाताऱ्याने दाराच्या चौकटीला हात लावून बोटं ओठांना टेकवली. शेजारी बसल्यावर मी विचारलं, "हे काहून, बाबा?"

"सवय. आमी ज्यू. आमच्या घराच्या चौकटीला देवाचं वचन लिहून लावलेलं असते, येता-जाता त्याला हात लावतो."

जन्म सेनगावचा, लहानपणीच इस्रायलला गेलेला. तिथल्या लढायासुद्धा तो हसत सांगत होता, तेही आमच्याच बोलीत.

"तिथं आधी तंबूत राहिलो. तंबूला चौकट कुठली? मंग आत शिरताना बाप माझ्या डोक्याला हात लावायचा. म्हणायचा, सध्या तूच चौकट."

सेनगावला कंडक्टर दारातच उभा राहून सगळ्यांवर खेकसत होता. म्हाताऱ्याने उतरताना त्याच्या डोक्याला हात लावला आणि बोटं ओठांना टेकवली.

पुढे साखऱ्यापर्यंत कंडक्टर कुणावरच खेकसला नाही.