किनवटच्या पोरींनी राणीला दिलेला सल्ला

मित्रांनो, आत्ताच किनवटहून नांदेडला परतलो आणि जीव भांड्यात पडलाय.

आज तिथल्या मुलींच्या वसतिगृहात आमच्या नाटकमंडळीनं एक जुनं संस्कृत नाटक मराठीत केलं. तिथल्या मॅडम आधीच म्हणाल्या होत्या, "पोरींना कळणार न्हाई, लवकर आटपा." पहिला प्रवेश संपला तरी सगळ्या गप्प. म्हटलं, मॅडमचंच खरं झालं.

मग चोरून दुसरीच्या मागे लागलेला राजा राणीची खोटी माफी मागू लागला. तेवढ्यात एक पोरगी ओरडली, "राणीबाई, ऐकू नका, खोटं बोलून राहिलाय त्यो!"

राणी झालेली रुबीना तिच्याकडे वळली. "मग काय करू?"

सगळीकडून सल्ले सुरू झाले!

नाटक संपल्यावर तीच पोरगी मला म्हणाली, "पुढच्या बारीला मला राणी करा. मी त्याला दारातूनच हाकलते."

तुमच्या शाळेत असं नाटक आलं असतं, तर तुम्ही काय ओरडला असता?